फुलांच्या शेतातलं इवलंसं शेवाळ: आबांसोबत सिली बेटांवर

इंग्लंडचं नैऋत्य टोक म्हणजे लँड्स एंड, आणि तिथून साधारण ४५ किलोमीटर पुढे समुद्रात सिली बेटं. वस्ती फक्त पाच बेटांवर, सगळी मिळून माणसं दोन-सव्वादोन हजार. लोक तिथे उन्हाळ्यात बीचसाठी जातात. आम्ही फेब्रुवारीच्या शेवटी गेलो, आणि गेलो ते लिव्हरवर्ट बघायला, म्हणजे मातीला चिकटून वाढणाऱ्या, फूल-बी नसलेल्या इवल्या हिरव्या वनस्पती, तेही जंगलातले नाही, शेतातले.

ज्यांनी आपल्याकडे बीएस्सीला बॉटनी केलंय त्यांना रिक्सिया, मार्केन्शिया, अँथोसेरॉस ही नावं झोपेतही आठवतील. जर्नलमध्ये रिक्सियाची आकृती मी इतक्या वेळा काढलीये की डोळे मिटून काढीन, पण ते जिवंत, कुणाच्या तरी शेतात वाढलेलं असं नीट बसून कधी बघितलंच नव्हतं. सिलीच्या डॅफोडिलच्या शेतांत रिक्सिया क्रिस्टॅलिना नावाचं लिव्हरवर्ट आहे, ब्रिटनमध्ये ते फार कमी ठिकाणी सापडतं आणि सिलीची फुलशेती हा त्याचा मोठा आधार आहे, हे कळल्यापासून डोक्यात होतं. त्यात आबा भोरहून हिवाळ्यात माझ्याकडे ब्रिस्टलला आले होते. आयुष्यभर भातशेती केलेला माणूस, घरात बसून कंटाळलेला. म्हटलं आबा, चला, शेती बघायला जाऊ. लगेच तयार झाले.

पहिला दिवस: ब्रिस्टल ते पेन्झान्स

ट्रेनचा प्रवास चारेक तासांचा. एक्झेटरनंतर समुद्राकडच्या खिडकीत बसा, डॉलिशला रूळ अगदी समुद्राच्या भिंतीवरून जातात आणि भरती असेल तर पाणी काचेवर उडतं. आबांनी सोबत मेथीचे लाडू आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती, त्यामुळे ट्रेनमधल्या सँडविचच्या वाटेला गेलोच नाही.

पेन्झान्सला सामान टाकलं आणि उजेड होता तोवर गुल्व्हालच्या बाजूला चालत गेलो. माउंट्स बेच्या काठची ही जमीन लवकर येणाऱ्या भाजीपाल्यासाठी नावाजलेली, गोठवणारी थंडी फारशी पडत नाही, हिवाळ्यात फ्लॉवर, कोबी, आणि मध्येच पिवळ्या रंगाचे पट्टे, डॅफोडिल. पण पट्टे पिवळे दिसतात म्हणजे ती फुलं तोडायची राहून गेली! बाजारात जातात त्या बंद कळ्या, मान नुकतीच खाली वाकलेली असताना तोडलेल्या. एका शेतात तोडणी चालू होती, वीसेक माणसं कंबरेत वाकून, हातात रबरबँडचे गठ्ठे, एक जुडी बांधली की सरीत टाकायची आणि पुढे. आबा बांधावर उभे राहून बराच वेळ बघत होते. त्यातली एक बल्गेरियाची मुलगी पाणी प्यायला बांधावर आली, तिने हातमोजा काढून मनगट दाखवलं, लाल पुरळ उठलेलं. डॅफोडिलच्या चिकाने असं होतं आणि तोडणाऱ्या सगळ्यांना कधी ना कधी होतंच म्हणाली. आबांनी मला विचारायला सांगितलं, मजुरी रोजावर का नगावर? जुडीवर. "मग कंबर मोडणारच," आबा म्हणाले.

तिथून पुढे फूटपाथ एका फ्लॉवरच्या शेताच्या कडेने जातो. गेटपाशी ट्रॅक्टर वळतो तिथे माती उघडी आणि जरा दाबलेली होती, मी गुडघे टेकले, आणि होतं! आठ आण्याएवढी हिरवी चकती, मधून फुटत फुटत गेलेली, प्रत्येक फाट्यावर बारीक खाच. रिक्सिया सोरोकार्पा असावं, ते इथल्या शेतांत पुष्कळ सापडतं. आबा माझ्या खांद्यावरून वाकले आणि म्हणाले, "हे होय? हे तर भात कापल्यावर आपल्या खाचरात असतं की. दिवाळीनंतर, चिखल वाळायला लागला की." मी त्यांच्याकडे बघतच राहिले. तीच जात नसेल, पण कुळी तीच. आमच्या कॉलेजमध्ये स्लाइडवर दाखवायचे ती वनस्पती घरामागच्या खाचरात होती आणि आबांना ती कुठे आणि कधी येते हे पाठ होतं.

जेवायला चीज-कांद्याची पेस्टी, म्हणजे सारण भरून भाजलेली मोठी करंजीच. आबा माळकरी, त्यामुळे दुकानात दोनदा विचारून घ्या, बहुतेक पेस्टीत बीफ असतं, शाकाहारी वेगळ्या खुणेची असते. गरम गरम, जाड कडेची, एकात पोट भरतं.

दुसरा दिवस: धुकं

हिवाळ्यात पेन्झान्सहून बोट नसते, ती साधारण मार्च ते नोव्हेंबर. राहिलं विमान किंवा हेलिकॉप्टर. आमचं विमान लँड्स एंडच्या छोट्या विमानतळावरून होतं, आठ जणांचं, सामानासोबत माणसाचंही वजन करतात. सकाळी पोचलो तर बाहेर दहा फुटांवरचं कुंपण दिसेना. दुपारपर्यंत तिथेच बसून.

पण ती वेळ वाया गेली नाही. शेजारी बेटावरच्या एक आजी होत्या, दवाखान्यासाठी मेनलँडला आलेल्या. त्यांचं माहेर फुलशेतीतलं. त्यांनी सांगितलं की आधी बेटांवर समुद्रातलं केल्प, म्हणजे समुद्रशेवाळ, जाळून राख विकायचे, मग लवकरचे बटाटे, आणि मग फुलं. १८७०-८० च्या सुमारास ट्रेव्हेलिक नावाच्या शेतकऱ्याने बागेतली फुलं टोपीच्या खोक्यात भरून लंडनच्या कॉव्हेंट गार्डनला पाठवली, ती विकली गेली आणि तिथून सुरू झालं, असं बेटावर सांगतात. लहानपणी शाळेतून आल्यावर सगळ्या पोरांना जुड्या बांधायला बसवायचे, असं सांगताना आजींची बोटं आपोआप हलत होती. आबांनी त्यांना लाडू दिला. त्यांनी अर्धा खाल्ला, अर्धा रुमालात बांधून ठेवला, "संध्याकाळच्या चहाबरोबर."

तीनच्या सुमाराला धुकं उठलं आणि वीसेक मिनिटांत आम्ही सेंट मेरीजवर, सिलीच्या सगळ्यांत मोठ्या बेटावर. वरून बघितलं तर सगळं बेट चौकोनी चौकोनी, छोटी छोटी शेतं आणि प्रत्येकाभोवती उंच, गच्च हिरवी कुंपणं.

टिप: सिलीला हिवाळ्यात जाताना परतीच्या बाजूला एक मोकळा दिवस ठेवाच. लगेच पुढची फ्लाइट किंवा महत्त्वाची मीटिंग ठेवू नका. आणि ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर १०१ नकाशा घ्या, त्यात सगळे फूटपाथ आहेत, मोबाइलची रेंज सगळीकडे मिळत नाही.

बेटावरच्या ह्यू टाउन गावाला जाताना रस्त्याच्या कडेला एक लाकडी कपाट, त्यात अंडी, बटाटे, डॅफोडिलच्या जुड्या आणि पैशांचा डबा. माणूस कुणी नाही. आबांनी इकडे तिकडे बघितलं, डबा हलवून बघितला, पैसे खुळखुळले. मग स्वतःच्या खिशातून नाणी काढून टाकली आणि बटाटे घेतले. रूमवर किचन होतं, त्याच बटाट्यांची भाजी आणि भाकरी केली, भाकरीचं पीठ मी घरून आणलं होतं.

तिसरा दिवस: शेतात

ज्यासाठी आलो तो हा दिवस. मी आधी मेल करून एका बाईंशी ओळख काढली होती, निवृत्त शिक्षिका, मॉस आणि लिव्हरवर्टचा अभ्यास करणाऱ्या ब्रिटिश ब्रायॉलॉजिकल सोसायटीच्या सभासद. ही सोसायटी म्हणजे जुनी मंडळी, १८९६ ला मॉस एक्स्चेंज क्लब म्हणून सुरुवात, पोस्टाने एकमेकांना नमुने पाठवायचे, १९२३ मध्ये त्याची सोसायटी झाली. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत यांनीच ब्रिटन आणि आयर्लंडभर शेतांमधल्या मॉस-लिव्हरवर्टचा मोठा सर्व्हे केला, तोवर नांगरलेल्या शेतात बघण्यासारखं काही असेल असं फार थोड्यांना वाटायचं. कॉर्नवॉल आणि सिलीचं नाव निघालं की जीन पेटन यांचं नाव येतंच, या भागातले लिव्हरवर्ट त्यांनी कित्येक वर्षं पालथे घातले. आमच्या बाई त्यांच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात, आपल्याकडे गुरूंचं नाव घेताना कानाला हात लावतात ना, त्याच भावनेने.

बाईंनी आम्हाला एका फुलशेतीवाल्याकडे नेलं. शेतांची नावं-गावं मुद्दाम लिहीत नाही, लोक परवानगी न घेता शिरतात. शेतकरी पन्नाशीचा, हात आबांसारखेच, बोटांच्या सांध्यांत माती मुरलेली. पहिली दहा मिनिटं आबा आणि तो नुसते कुंपणं बघत फिरले आणि मी मध्ये भाषांतर करत. कुंपणं पिटोस्पोरम, युऑनिमस, एस्कालोनियाची, वीतभर जाड आणि दोन पुरुष उंच, कारण इथला वारा मीठ घेऊन येतो आणि एका रात्रीत कळ्या जाळून टाकतो. शेत जेवढं लहान तेवढा आडोसा चांगला. थंडी सहसा नसते पण १९८७ च्या जानेवारीत बर्फ पडला आणि त्याच्या वडलांची कुंपणंच्या कुंपणं करपली होती.

फुलं म्हणजे मुख्यतः सोलेय दोर, डॅफोडिलच्याच कुळीतलं, इथले लोक नुसतं सॉल म्हणतात. एका दांड्यावर दहा-बारा छोटी फुलं, पिवळी, मध्ये नारिंगी वाटी, आणि वास असा की शेडचं दार उघडलं की अंगावर येतो. ऑक्टोबरपासूनच फुलं सुरू होतात, इंग्लंडात बाकीकडे डॅफोडिल सहसा फुललेलं नसतं तेव्हा. यासाठी काय करतात, तर उन्हाळ्यात कंद जमिनीत झोपलेले असताना शेतावर पेंढा पसरून जाळायचे, आता प्लास्टिक अंथरून त्याखाली धूर सोडतात. धुरातल्या इथिलीनने कंद लवकर जागा होतो.

हे मी सांगतेय तोच आबा म्हणाले, "राब भाजतात तसं!" आमच्याकडे रोपं टाकायच्या आधी शेण-पालापाचोळा पसरून जमीन भाजतात त्याला राब म्हणतात. कारण वेगळं, पण ऐन उन्हाळ्यात जमीन भाजणारी माणसं इथेही आहेत याचा आबांना फार आनंद झाला, आणि मग भाषांतराची गरजच कमी झाली, दोघं हातवाऱ्यांवर आले.

कंद तीन-चार वर्षं जमिनीत राहतात, मग उन्हाळ्यात काढायचे, गरम पाण्यात ठेवायचे, साधारण ४४ ते ४६ अंश, तीन तास. कंदात शिरणारी सूत्रकृमी त्याने मरते. तापमान दोन अंश इकडे तिकडे झालं तर एक तर कृमी जगते किंवा कंद मरतो. मग दुसऱ्या शेतात लावायचे. म्हणजे कुठलं ना कुठलं शेत दर वर्षी उघडं पडतं, कुठे ओळींमधली माती उघडी असते, कुठे पाय पडून दाबली गेलेली वाट असते. आणि रिक्सिया क्रिस्टॅलिनाला नेमकं हेच लागतं.

बाईंनी दोन ओळींच्या मध्ये गुडघ्याखाली जुनं स्पंज ठेवलं आणि मला बोलावलं. पहिल्यांदा काहीच दिसत नाही. मग डोळा बसतो. फिकट, निळसर हिरव्या चकत्या, कडा जाडसर, पृष्ठभागावर साखर भुरभुरल्यागत चमक. दहा पटींच्या भिंगातून बघितलं तर ती चमक म्हणजे वरच्या पेशी. काही चकत्यांत जुना भाग कुजायला लागलेला, आत काळे ठिपके, तेच बीजाणू, बियांचं काम करणारे बारीक कण. रिक्सियाला मार्केन्शियासारखी छत्री नाही, देठ नाही, फुटून उडवणारी यंत्रणा नाही. बीजाणू अंगातच पिकतात, अंग कुजलं की मातीत मिसळतात आणि पडून राहतात, परत माती हलून वर येईपर्यंत. परीक्षेत "सर्वांत साधा स्पोरोफाइट" (बीजाणू तयार करणारा भाग) असं लिहून मी मार्क मिळवलेत. त्या साधेपणाचा उपयोग काय, हे इथे गुडघ्यांवर बसल्यावर कळलं. दरवर्षी नांगर फिरणार आहे अशा जागी राहायचं तर उंच वाढून करायचंय काय? पटकन उगवायचं, पिकायचं, आणि पुढच्या नांगराची वाट बघत मातीत बसायचं.

ही गोष्ट मला या ट्रिपमध्ये सगळ्यांत महत्त्वाची वाटली. आपल्याकडे संवर्धन म्हटलं की कुंपण घाला, माणूस बाहेर काढा असं डोक्यात येतं. इथे माणूस बाहेर काढला की वनस्पती संपली. दोन-तीन वर्षं शेत पडीक ठेवा, गवत येतं, मग ब्रॅकन नावाचं उंच नेचं आणि काटेरी ब्रॅम्बल, आणि या चकत्यांवर ऊनच पडत नाही. उलट फार जोरात शेती केली, पीक कापल्या कापल्या लगेच नांगरट, भरमसाट खत, दाट पीक, तरीही संपते. तिला मधला काळ हवा, माती हलवून झाल्यावर काही महिने कुणी हात न लावलेला.

बाई शेतकऱ्याकडून काय करून घेतात तेही साधंच आहे. कंद काढल्यावर सगळ्या रिकाम्या शेतात गवत पेरू नकोस, ओलसर कडेचा एक तुकडा उघडा ठेव. हिवाळ्याच्या मध्यात रोटाव्हेटर घालू नकोस, चकत्या काळ्या पडू देत, मग घाल. तणनाशक मारताना तेवढा पट्टा सोड. तो म्हणाला, पट्टा सोडायला काही जात नाही, अवघड आहे ते फुलशेती चालू ठेवणं. फुलं मेनलँडला पाठवायचं भाडं, तोडायला माणसं नाहीत, बेटावर घरं इतकी महाग की तरुण पोरं राहू शकत नाहीत, त्यापेक्षा घर पर्यटकांना देणं सोपं.

आबांनी त्याला विचारलं, या शेवाळाचा तुला उपयोग काय? मी जरा अवघडत भाषांतर केलं. तो म्हणाला, काही नाही, पण मी लहान असल्यापासून ते इथे आहे आणि मला वाटायचं ते सगळीकडेच असतं. आबा बराच वेळ गप्प होते, मग मला म्हणाले, "म्हणजे हा शेती करतोय तोवर हे राहणार." आणि मग भोरची गोष्ट निघाली, खालच्या आळीतली खाचरं पुण्याच्या लोकांनी फार्महाउससाठी घेतली, बांध फोडले, लॉन लावलं. लॉनमध्ये दिवाळीनंतरच्या त्या चकत्या कुठून येणार!

निघताना शेतकऱ्याने आबांना सॉलची मोठी जुडी दिली. पैसे घेईना. आबांनी माझ्या पिशवीतला चटणीचा डबा काढून त्याच्या हातात ठेवला, आणि तिखट आहे हे मी तीनदा सांगितलं.

टिपा, ज्यांना असं काही बघायचंय त्यांच्यासाठी: फूटपाथ सोडून शेतात जायचं तर परवानगी घ्याच. इंग्लंडमध्ये १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठलीही रानटी वनस्पती उपटणं गुन्हा आहे, मग ती नखाएवढी का असेना. भिंग दहा पटींचं पुरतं. फोटोत शेजारी नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो, आणि वरून एक, बाजूने एक असे दोन तरी फोटो काढा. एका शेतातून दुसऱ्या शेतात जाण्याआधी बूट घासून धुवा, सूत्रकृमी मातीबरोबर जाते आणि शेतकऱ्याचं खरंखुरं नुकसान होतं. वॉटरप्रूफ पँट हवीच, अर्धा दिवस गुडघ्यांवर जातो.

चौथा दिवस: सेंट ॲग्नेस

हिवाळ्यात बेटांमधल्या बोटी कमी, सकाळी धक्क्यावरच्या फळ्यावर खडूने लिहितात ते बघायचं. आम्हाला सेंट ॲग्नेसची मिळाली. लाटा होत्या, आबा हरिपाठ म्हणत बसले होते, बोटवाला मध्येच त्यांच्याकडे बघून हसला आणि अंगठा दाखवला. इथे १६८० मध्ये बांधलेलं पांढरं दीपगृह आहे, तेव्हा त्यात कोळसा जाळायचे. ओहोटीला वाळूचा पट्टा उघडा पडतो आणि शेजारच्या ग्यू बेटावर चालत जाता येतं, पण भरतीची वेळ बघूनच जा, पाणी दोन्ही बाजूंनी येतं.

या बेटावरची शेतं अजूनच लहान, काही तर आपल्या अंगणाएवढी. त्यातली काही चालू, काही सुटलेली. सुटलेली म्हणजे कुंपण वाढून झाडं झालीयत, आत ब्रॅम्बल, आणि त्यातूनही जुने डॅफोडिल वर येऊन फुललेले. दिसायला सुंदर, फोटो छान येतात. पण आदल्या दिवशीचं ऐकल्यावर मला ते बघवेना. बाई सोबत होत्या, त्या म्हणाल्या, माती उकरली तर बीजाणू अजून असतील, किती वर्षं टिकतील ते मात्र धरून चालता येत नाही.

वाऱ्याने बोलणं ऐकू येईना म्हणून एका भिंतीच्या आडोशाला थर्मासमधला चहा काढला, सोबत केशराचा बन. हो, कॉर्नवॉलमध्ये बनमध्ये केशर घालतात, पिवळाधमक, बेदाणे घातलेला. आबांना एवढं आवडलं की परत जाताना डझनभर घेतले. तिथे बाईंनी स्वित्झर्लंडची गोष्ट सांगितली. आपलं बीएस्सीचं अँथोसेरॉस आठवतंय ना, हॉर्नवर्ट, लिव्हरवर्टसारखीच इवली वनस्पती. तिथे ते धान्य कापलेल्या शेतात, धसकटांच्या मधे शरद ऋतूत वाढतं. सरकारने पर्यावरणासाठी चांगला नियम केला, पीक काढल्यावर जमीन उघडी ठेवायची नाही, हिरवं आच्छादन पेरायचं, म्हणजे धूप होत नाही, नायट्रेट वाहून जात नाही. नियम योग्यच. पण धसकटांचं शेतच राहिलं नाही तर हॉर्नवर्ट वाढणार कुठे? तिथल्या संशोधकांनी वर्षानुवर्षं तीच शेतं मोजली आणि २००९ मध्ये स्पष्ट लिहिलं की पर्यावरणपूरक शेती हॉर्नवर्टपूरक नाही. इंग्लंडातही १९७० नंतर गहू-बार्ली वसंताऐवजी शरदातच पेरायला लागले आणि हिवाळाभर उभी राहणारी धसकटं गेली. आता ती ठेवायला सरकारी योजनेत पैसे मिळतात, पण मुदत साधारण फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, आणि योजना पक्ष्यांना डोळ्यासमोर ठेवून आखलेली. लिव्हरवर्टला त्यात आपोआप मिळेल तेवढंच.

मला याचा खरंच त्रास होतो. पक्ष्यांसाठी बोलणारे लाखो लोक आहेत, ते चांगलंच आहे, पण नखाएवढ्या चकतीसाठी बोलणारी माणसं एका मिनीबसमध्ये बसतील. आणि ही काही बिनमहत्त्वाची वनस्पती नाही. इंग्लंडच्या पूर्वेकडच्या हलक्या जमिनीच्या शेतांत स्फेरोकार्पोस नावाचं लिव्हरवर्ट सापडतं, इवल्या हिरव्या फुग्यांचा घोस. त्याच्या अमेरिकेतल्या एका जातीत १९१७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स ॲलन यांना नर आणि मादीची गुणसूत्रं वेगळी दिसली, वनस्पतींमध्ये लिंगगुणसूत्रं पहिल्यांदा सापडली ती अशी. त्याचे बीजाणू चार-चारच्या गठ्ठ्यात चिकटलेले राहतात, दोन नर दोन मादी, म्हणजे मातीत कुठेही पडले तरी जोडी शेजारीच. हे ऐकून आबा म्हणाले, "लग्न जमवूनच पाठवतंय की!" बाईंना भाषांतर करून सांगितलं तर चहा सांडेपर्यंत हसल्या.

दुपारी आभाळ फाटलं. परतीच्या बोटीत सगळे भिजलो. रात्री रूमवर मुगाची खिचडी, आणि हीटरसमोर बूट वाळत ठेवलेले.

पाचवा दिवस: परत

सकाळी स्वच्छ ऊन. विमान दुपारचं होतं म्हणून सेंट मेरीजवरच्या पोर्थ हेलिक खाडीपर्यंत चालून आलो. इथले थ्रश पक्षी इतके माणसाळलेले की आबांच्या बुटाजवळ येऊन बनचे तुकडे खात होते.

बाई निरोपाला आल्या. त्यांनी आबांना विचारलं की तुमच्या तालुक्यातल्या भातखाचरांत कुठल्या कुठल्या जाती आहेत, कुणी यादी केलीये का. आबा म्हणाले, यादी माहीत नाही, पण कुठल्या खाचरात येतं ते मी दाखवीन. मग सांगायलाच बसले: वरच्या खाचरात कमी, कारण तिथे पाणी टिकत नाही, खालच्या दोन खाचरांत बांधाच्या सावलीला जास्त, हरभरा टोकला की कमी होतं, मसूर असेल तर जरा राहतं, बेणणीला बाया येतात त्यांच्या पायवाटेवर सगळ्यांत जास्त. बाई वहीत लिहून घेत होत्या. मी भाषांतर करताना थक्क झाले, ही सगळी निरीक्षणं पन्नास वर्षांची, आणि आजवर कुणी विचारली नव्हती, मीसुद्धा. बाईंनी आपलं जुनं भिंग दोरीसकट आबांच्या गळ्यात घातलं, तुळशीच्या माळेशेजारी.

शेवटच्या काही कामाच्या गोष्टी. सिलीची फुलं पोस्टाने इंग्लंडभर घरपोच मिळतात, ऑक्टोबर ते मार्च सॉल, उन्हाळ्यात पिंक्स, म्हणजे कार्नेशनच्या कुळीतली सुवासिक फुलं. इंग्लंडात राहणाऱ्यांनी वाढदिवसाला, हळदीकुंकवाला सुपरमार्केटच्या गुच्छाऐवजी ही मागवा, ती शेतं चालू राहण्यासाठी आपण करू शकतो ते एवढं सरळ काम आहे. लिव्हरवर्ट बघायला फेब्रुवारी-मार्च चांगला, पण बरीच हॉटेलं बंद असतात तेव्हा किचन असलेली रूम घ्या. शाकाहारी असाल तर पीठ-डाळ सोबत न्या, बेटावरची दुकानं छोटी आणि हवा बिघडली की माल येत नाही.

आणि महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी: भोर, वेल्हे, मुळशी, मावळ, कोकण, जिथे भात आहे तिथे दिवाळीच्या पुढेमागे कापणी झालेल्या खाचरात मालकाला विचारून उतरा. ओलसर, उघड्या, पाय पडलेल्या मातीवर बघा. फोटो काढा, तारीख, गाव आणि त्या आधी कुठलं पीक होतं ते लिहा, आणि जवळच्या कॉलेजातल्या बॉटनीच्या सरांना किंवा मॅडमना पाठवा. आबा एप्रिलमध्ये परत गेले. भिंग घेऊन ते कामाला लागलेत, खालच्या खाचरात यंदा हरभरा टोकायचा का मसूर, यावर त्यांचं आणि माझ्या भावाचं सध्या फोनवर जोरात चाललंय.